ताकाला जाऊन लपवलेलं भांडं

कंपनीने माझ्या कोचिंगसाठी जी फी भरली, तिच्यातली निम्मी तरी मी पाण्यात घातली. कोच मॅडम उत्तम होत्या, कंपनीच्या मनातही काही काळंबेरं नव्हतं. घोळ घातला तो मी. आणि एकच घोळ घालून थांबलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती.

चाकण, तळेगाव, रांजणगाव या पट्ट्यात कोचिंगचं आता नवल राहिलेलं नाही. जरा बऱ्या आकाराच्या कारखान्यात माणूस प्लँट हेड झाला, की काही दिवसांत एच.आर.कडून निरोप येतो: सर, तुमच्यासाठी एक्झिक्युटिव्ह कोच ठरवलाय. महिन्यातून एक-दोनदा, बंद खोलीत, फक्त तुम्ही आणि कोच. त्या खोलीत माझ्यासारखी शॉप फ्लोअरवरून वर चढलेली माणसं कशी वागतात हे कुणी मोकळेपणाने सांगत नाही. बाहेर आल्यावर सगळे म्हणतात, "फार इनसाइटफुल होतं." मीही तेच म्हणायचो.

मी डिप्लोमावाला. प्रेस शॉपमध्ये ट्रेनी म्हणून लागलो, टूल रूममध्ये हात काळे केले, मग प्रॉडक्शन, मग कंपन्या बदलत बदलत गाड्यांचे शीट मेटलचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्याचा प्लँट हेड. आमच्या पिढीला कोच म्हणजे आचरेकर सर: शिवाजी पार्क, स्टंपवर ठेवलेलं रुपयाचं नाणं आणि चुकलं की बसणारा ओरडा. म्हणजे कोच लागतो तो शिकाऊ पोराला. साहेब झालेल्याला कोच लावतात याचा अर्थ त्याचं काहीतरी बिनसलंय. मला एच.आर.चा निरोप आला त्या रात्री जेवताना बायकोला म्हटलं, "मला काढायच्या बेतात आहेत बहुतेक." ती म्हणाली, "काढायचं असतं तर तुमच्यावर आणखी पैसे कशाला घातले असते?" हिशेब सरळ होता. मला तो दिसेना.

माझा संशय अगदीच हवेतला नव्हता म्हणा. पूर्वी वरच्या खुर्चीवर बसून लोकांना छळणाऱ्या साहेबाला ताळ्यावर आणायलाच बहुतेक कंपन्या कोच बोलावत. पण ते दिवस केव्हाच मागे पडले होते. २००९ साली 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'ने १४० कोचांना विचारलं होतं, तुम्हाला नेमतात ते कशासाठी? होतकरू माणसाला तयार करायला किंवा त्याला नव्या पदावर रुळायला मदत करायला, असं ४८ टक्के म्हणाले. वागणुकीमुळे घसरणीला लागलेल्याला सावरायला, असं म्हणणारे फक्त १२ टक्के. मी नुकता प्लँट हेड झालो होतो, म्हणजे उघडच पहिल्या गटातला. पण मी स्वतःला दुसऱ्या गटात बसवून घेतलं आणि सुरुवातीचे कित्येक महिने बचावाचं भाषण करत राहिलो.

पहिल्या भेटीला चक्क लॅपटॉप घेऊन गेलो. डिलिव्हरीचा आलेख, पी.पी.एम.चा (दहा लाख पार्टमागे किती सदोष, त्याचा) आलेख, मशीन किती वेळ बंद राहिलं त्याचा आलेख. मॅडम साठीच्या आसपासच्या, सुती साडी, पुढ्यात शाळेत वापरतात तसली दोनशे पानी वही. त्यांनी सगळं शांतपणे पाहिलं आणि विचारलं, "हे तुमच्या एम.डीं.नी पाहिलंय?"

"हो, दर महिन्याला बघतात."

"मग मला कशासाठी दाखवताय?"

उत्तर सुचलं नाही म्हणून मी पुढची स्लाइड लावली.

ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. या पहिल्या भेटीच्या आधी एम.डी., मॅडम आणि मी अशी तिघांची बैठक झाली होती. या कामाची ती रीतच आहे. पैसे कंपनी देते, तेव्हा कंपनीला काय हवंय ते सगळ्यांसमोर ठरतं. आणि त्याच बैठकीत हेही ठरतं की खोलीतलं बोलणं खोलीतच राहील. उद्दिष्टं कोणती आणि भेटी होताहेत की नाही, एवढंच एम.डीं.ना कळणार. एम.डी. "बिलकूल" म्हणाले. मी मान डोलावली आणि त्यातल्या एका शब्दावर विश्वास ठेवला नाही. कारखान्यात उभी हयात काढलेल्या माणसाला एवढं ठाऊक असतं, की 'कुणाला सांगू नका' म्हणून सांगितलेली गोष्ट सेकंड शिफ्टपर्यंत कॅन्टीनमध्ये पोचते. त्यामुळे एम.डीं.च्या कानावर जावं असं जे जे वाटे, ते ते मी मॅडमपुढे बोलायला लागलो. एकदा तर एम.डीं.ची इतकी तारीफ केली की मॅडम वही मिटत म्हणाल्या, "हे मी त्यांना कळवणार नाहीये हं."

दुसरी तक्रार अशी, की बाई काही सांगतच नाहीत. आमच्याकडे पूर्वी एक जपानी कन्सल्टंट येऊन गेला होता. तो लाइनवर फिरायचा, इथे बोट दाखव, तिथे बोट दाखव, आणि संध्याकाळपर्यंत सुधारणांची लांबलचक यादी हातात. पैसे वसूल. मॅडमना मी विचारलं, "माझे इंजिनिअर जबाबदारी घेत नाहीत, काय करू?" तर म्हणाल्या, "घेतली नाही असं शेवटचं कधी झालं? नेमकं काय झालं ते सांगा." घरी येऊन मी कुरकुर करायचो, की नुसते प्रश्न विचारायचे एवढे पैसे मिळत असतील तर आमची आई आजवर करोडपती व्हायला हवी होती.

त्या प्रश्नांमागची परंपरा मला फार उशिरा कळली. टिमथी गॅलवे नावाच्या अमेरिकन टेनिस शिक्षकाने १९७४ साली 'दि इनर गेम ऑफ टेनिस' हे पुस्तक लिहिलं. त्याच्या लक्षात आलं होतं की मनगट असं धर, खांदा तसा फिरव, अशा सूचना जितक्या द्याव्यात तितका खेळाडू ताठरतो. म्हणून त्याने शिकणाऱ्यांना साधं काम दिलं: चेंडूने टप्पा घेतला की 'बाउन्स' म्हणा, रॅकेटला लागला की 'हिट' म्हणा. तेवढ्याने लक्ष स्वतःवरून उठून चेंडूवर जाई, आणि हात पुष्कळसा आपला आपण सुधारे. ही कल्पना इंग्लंडमध्ये कंपन्यांत नेणाऱ्यांपैकी एक सर जॉन व्हिटमोर. हे व्हिटमोर मुळात रेसिंग ड्रायव्हर, लोटस कॉर्टिना चालवून १९६५ची युरोपियन टुरिंग कार चॅम्पियनशिप जिंकलेले, हे कळल्यावर माझा आदर एकदम वाढला. (आम्हा ऑटोवाल्यांचं हे असंच, माणूस गाडीतून उतरलेला असला की ऐकतो.) १९९२ साली त्यांचं 'कोचिंग फॉर परफॉर्मन्स' निघालं आणि 'ग्रो' ही चौकट सगळीकडे पसरली. कुठे पोचायचंय, आज कुठे आहोत, वाटा कोणत्या, आणि यातलं नक्की काय करणार, एवढाच तिचा गाभा. उत्तर समोरच्याने शोधायचं. मी मात्र सारखा मॅडमच्या तोंडून उत्तर काढायला बघायचो, आणि त्या देत नाहीत म्हणून धुमसायचो.

मग आला थ्री-सिक्स्टी. वरचे, बरोबरीचे, हाताखालचे, सगळ्यांनी नाव न देता माझ्याविषयी लिहायचं. आकडे बरे होते. शेवटच्या पानावर लोकांच्या स्वतःच्या शब्दांतल्या ओळी होत्या आणि त्यात एक अशी: सरांना प्रॉब्लेम सांगायला गेलं की पहिल्या वाक्याला सोल्यूशन मिळतं, दुसरं वाक्य बोलायचं राहून जातं.

अहवाल हातात देताना मॅडमनी बजावलं होतं, "हे कोणी लिहिलं याचा शोध घ्यावासा वाटेल. घेऊ नका." मी "छे छे" म्हटलं आणि पार्किंगमध्ये गाडीत बसल्या बसल्या शोध सुरू केला. 'सोल्यूशन' हा शब्द सारखा कोणाच्या तोंडी असतो? टूल रूमच्या इनचार्जच्या. तरुण पोरगा, हुशार, जरा फटकळ. दुसऱ्या दिवशी त्याला केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं आणि वडीलकीच्या सुरात म्हटलं, "काही असेल तर माझ्याशी थेट बोलायचं ना, लिहायचं कशाला?" त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "सर, मी काही लिहिलं नाही," एवढंच तो दोनदा म्हणाला. ते खरं होतं. ती ओळ लिहिली होती आमच्या क्वालिटी मॅनेजरने, ज्याच्याबरोबर मी रोज डबा खायचो. नोकरी सोडून जाताना त्याने स्वतःच सांगितलं, आणि वर म्हणाला, "त्या पोराला उगाच फाडलात."

केबिनचं ते दार लागलेलं साऱ्या प्लँटने पाहिलं होतं. पुढच्या थ्री-सिक्स्टीत मी संत निघालो. एकही वाकडा शब्द नाही.

अभिप्रायावर १९९६ साली अवराहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी मोठं काम केलंय. आधी झालेले शेकडो प्रयोग एकत्र करून त्यांनी पाहिलं, तर अभिप्राय दिल्याने सरासरी काम सुधारतं खरं, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा ते उलट बिघडतं. माणसाचं लक्ष कामावरून उठून स्वतःच्या अब्रूकडे गेलं की बिघडण्याची शक्यता वाढते, असं त्यांचं म्हणणं. माझ्याबाबतीत त्याला पार्किंगमधली काही मिनिटं पुरली. नुसता अहवाल हातात देऊन माणूस सुधारत नाही. तो पचेपर्यंत कुणीतरी शेजारी बसावं लागतं. कोचची खरी गरज तिथे होती, आणि त्याच ठिकाणी मी मॅडमना चुकवून पळालो.

बरेच दिवस हे मी त्यांच्यापासून लपवलं. शेवटी सांगितलं ते दुसरं काही सांगायला उरलं नव्हतं म्हणून. वाटलं, आता बोलणी बसणार. त्यांनी विचारलं, "त्या मुलाकडून तुम्हाला काय हवं होतं?" मी म्हणालो, शिस्त. त्या गप्प राहिल्या. मी म्हणालो, ट्रान्सपरन्सी. त्या तरीही गप्प. मग माझ्या तोंडून निघून गेलं, "त्याने म्हणावं असं वाटत होतं, की सर, तुम्ही तसे नाही आहात." त्या खोलीत मी बोललेलं हे पहिलं खरं वाक्य.

त्याच सुमाराला कस्टमरकडून एक लॉट परत आला. ब्रॅकेटच्या होलला बर होती, बोल्टचं डोकं नीट बसत नव्हतं. पंचाची धार गेली की असं होतं; तो काढून, ग्राइंड करून परत बसवायचा असतो. कस्टमरने रिवाजाप्रमाणे एट-डी रिपोर्ट मागितला, म्हणजे दोषाचं मूळ कारण आणि त्यावरचा उपाय लिहायचा ठरावीक नमुना. ज्यांनी आयुष्यात एक तरी एट-डी लिहिलाय त्यांना पुढचं सांगायला नको. मूळ कारण: ऑपरेटरचे दुर्लक्ष. उपाय: ऑपरेटरला पुनर्प्रशिक्षण दिले. सोबत प्रशिक्षणाचा फोटो आणि हजेरीपटावर सह्या. पाच वेळा 'का' विचारत दोषाच्या मुळाशी जा, हे टोयोटाचे पाच 'का' आम्ही भिंतीवर रंगवून ठेवलेत, पण कागदावर दुसऱ्या 'का'लाच ऑपरेटर सापडतो आणि सगळ्यांची सुटका होते.

मॅडमना मी हा प्रकार चिडचिड म्हणून सांगितला. बर म्हणजे काय हे त्यांना माहीत नव्हतं, म्हणून त्यांच्याच वहीत भोकाचं चित्र काढून त्याच्या कडेला वर आलेली धार दाखवली. त्यांनी चित्र नीट पाहिलं आणि विचारलं, "हे सगळ्यात आधी कोणाला कळलं?"

"कस्टमरला."

"नाही, सगळ्यात आधी."

मला माहीत नव्हतं. एट-डीवर माझी सही होती आणि मला माहीत नव्हतं. त्यानंतर दोन दिवस मी थर्ड शिफ्टला जाऊन थांबलो, रागावायला नाही, विचारायला. सगळ्यात आधी कळलं होतं ते ऑपरेटरलाच, ज्याचं 'दुर्लक्ष' मी सही करून कळवलं होतं. पार्ट उचलताना त्याच्या बोटाला लागलं. त्याने सेटरला सांगितलं, सेटरने शिफ्ट सुपरवायझरला. पंच काढायचा तर प्रेस दोन तास बंद, आणि सकाळी डिस्पॅचची गाडी उभी. सुपरवायझरने फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. का, म्हणून विचारलं तर प्रेसच्या पायाकडे बघत म्हणाला, "साहेब, खरं सांगू का? तुम्हाला फोन केला की तुम्ही आमचं ऐकायच्या आधीच सांगता काय करायचं ते. मग म्हटलं, जे सांगणार तेच करून टाकू. गाडी जाऊ दे."

म्हणजे पाचवा 'का' थेट माझ्या केबिनमध्ये येऊन खुर्चीवर बसला. थ्री-सिक्स्टीतली ती ओळ, ज्यावरून मी पोराला फाडलं, आणि हा लॉट, एकच गोष्ट होती. टोयोटाची अँडन दोरी आम्ही दर ट्रेनिंगमध्ये दाखवतो, साधा कामगारसुद्धा ओढून लाइन थांबवू शकतो म्हणून. आमच्या प्रेसवरही तसा लाल दिवा होता. त्या रात्री मी त्याच्यावरून बोट फिरवलं तर धुळीचा थर आला.

इथून पुढे कोचिंगचा उपयोग व्हायला लागला, आणि तो नेमका कसा हे सांगायला हवं, कारण ब्रोशरमध्ये 'लीडरशिप'च्या नावाने जे लिहितात त्यातलं काही झालं नाही. मी मॅडमना म्हटलं, तुम्ही एकदा सकाळच्या मीटिंगला येऊन बसा. त्या आल्या, कोपऱ्यात बसल्या, एक शब्द बोलल्या नाहीत. नंतर वही उघडून म्हणाल्या, "तुम्ही सहा वेळा दुसऱ्याचं वाक्य पूर्ण केलंत. त्यातल्या दोन वेळा चुकीचं केलंत, आणि दोन्ही वेळा समोरचा 'हो सर' म्हणाला." मेंटेनन्सचा माणूस बोलायला लागला की मी फोन बघतो, हेही त्यांनी टिपलं होतं. मला वाटत होतं मी उत्तम ऐकणारा आहे.

डॉक्टर अतुल गवांदे यांनी २०११ साली 'न्यू यॉर्कर'मध्ये हाच अनुभव लिहिलाय. (त्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उटीचे, म्हणून आपल्याला जरा जास्त जवळचे.) सर्जन म्हणून आठ वर्षं झाल्यावर आपली प्रगती थांबलीय असं त्यांना वाटायला लागलं. मग त्यांनी आपल्या जुन्या गुरूंना, रॉबर्ट ऑस्टीन या निवृत्त सर्जनना, ऑपरेशन थिएटरमध्ये येऊन नुसतं बघायला सांगितलं. एक थायरॉइडचं ऑपरेशन अगदी व्यवस्थित पार पडलं. तरी ऑस्टीन यांच्याकडे सांगण्यासारखं निघालंच: वरचा दिवा जखमेवरून सरकला होता आणि जवळपास अर्धा तास गवांदे नुसत्या परावर्तित उजेडात काम करत होते, त्यांच्या ध्यानातही आलं नाही. कोपर मधूनमधून वर जात होतं. कापडं त्यांच्या सोयीची लावली होती, समोरच्या मदतनिसाच्या हाताला जागा नव्हती. जगातल्या नावाजलेल्या सर्जनला स्वतःचा दिवा दिसत नाही, तर मला माझा फोन काय दिसणार होता?

मग आम्ही बारीक बारीक गोष्टी ठरवल्या. सकाळच्या मीटिंगमध्ये मी सगळ्यात शेवटी बोलायचं. रात्री फोन आला तर पहिला शब्द "सांग", आणि समोरचा थांबला की "अजून?" बस. ऐकायला पोरखेळ वाटतो. 'अजून?' म्हणून गप्प बसताना माझ्या जिभेला अक्षरशः रग लागायची. पण काही आठवड्यांत थर्ड शिफ्टचे फोन यायला लागले, आणि लाल दिवाही पेटायला लागला.

त्याबरोबर आमचं रिजेक्शन वाढलं! प्रत्यक्षात नव्हे, कागदावर. आधी जे गुपचूप रिवर्क होऊन जायचं किंवा लॉटमध्ये मिसळून जायचं, ते आता नोंदवलं जात होतं. एम.डीं.नी महिन्याचा आलेख बघून बोलावणं धाडलं. जुना मी असतो तर एक-दोन सुपरवायझरांचा बळी देऊन मोकळा झालो असतो. या भेटीची तयारी मी मॅडमबरोबर केली. त्या एम.डी. झाल्या, आणि अशा काही उलटतपासणीला लागल्या की मला घाम फुटला. माझं पहिलं स्पष्टीकरण त्यांनी दोन प्रश्नांत मोडीत काढलं, दुसरंही. तिसऱ्या वेळी मी आकड्यांची सारवासारव सोडून दिली आणि सरळ म्हणालो, इतके दिवस मी तुम्हाला जो आलेख दाखवत होतो तो चांगला होता कारण लोक मला घाबरत होते. दुसऱ्या दिवशी एम.डीं.समोर तेच वाक्य बोललो. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "एक क्वार्टर देतो." एकास एक कोचिंगचा फायदा काय असं कुणी विचारलं तर मी हा प्रसंग सांगतो. ही रंगीत तालीम मी बायकोसमोर करू शकलो नसतो, ती माझी बाजू घेते. मित्रासमोर नाही, तो एम.डीं.ना शिव्या घालतो. ज्याला माझ्या बढतीचं सोयरसुतक नाही आणि माझ्या पडण्याचाही आनंद नाही असा माणूस प्लँट हेडच्या आसपास सापडत नाही, तो भाड्याने आणावा लागतो.

आता सुधारलेल्या माणसाचा गाढवपणा. नव्याने मुसलमान झालेला दिवसातून सात वेळा नमाज पढतो म्हणतात, तसं माझं झालं. प्रश्न विचारण्याची मला चटक लागली. एका दुपारी मोठ्या प्रेसवर पार्ट डायमध्ये अडकला, स्लाइड खाली, प्रेस ठप्प, कस्टमरची लाइन तासाभरात कोरडी पडणार. सेटर धावत आला. मी खुर्चीत मागे रेलून म्हटलं, "तुला काय वाटतं? तुझ्याकडे ऑप्शन काय काय आहेत?" त्याने माझ्याकडे असं पाहिलं की याला भोवळ आलीय का. "साहेब, ऑप्शन कसले, डाय उतरवायची का नाय तेवढं सांगा ना!" मॅडमना हे सांगितल्यावर त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसायला लागला. म्हणाल्या, "आग लागली की 'ग्रो' नाही करायचं हो. बादली द्यायची."

कोचिंगने काय होत नाही हेही त्यांच्याकडूनच कळलं. मधल्या काळात माझी झोप उडाली होती, पहाटे छातीत धडधडायचं. मी ते 'स्ट्रेस मॅनेजमेंट' म्हणून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी पाच मिनिटांत वही मिटली आणि डॉक्टरांकडे जायला लावलं. "हे माझं काम नाही." 'हार्वर्ड'च्या त्या पाहणीत व्यक्तिगत अडचणींसाठी आपल्याला नेमतात म्हणणारे कोच जेमतेम ३ टक्के होते, पण अशा अडचणींत मदत करावी लागली असं ७६ टक्क्यांनी सांगितलं होतं. म्हणजे या खोलीत घरचं, मनाचं, शरीराचं सगळं येतंच. कुठे थांबायचं हे कोचला कळावं लागतं. आपल्याकडे कोच व्हायला सरकारी परवाना लागत नाही, वीकेंडचा कोर्स करूनही लोक कार्ड छापतात. आंतरराष्ट्रीय कोचिंग फेडरेशनची प्रमाणपत्रं आहेत, त्यातल्या सर्वांत खालच्या पायरीला १०० तासांचा अनुभव लागतो, मधलीला ५००, वरच्या पायरीला २५००. चौकशी करताना हे विचारून घ्यावं. पण माझ्या मते, 'हे माझं काम नाही' असं तुम्ही शेवटचं कधी म्हणालात, हा प्रश्न त्याहून कामाचा.

यानंतरची गोष्ट लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. आमचे डिस्पॅचचे मॅनेजर वयाने माझ्याहून मोठे, संथ, जुन्या पद्धतीचे. मार्चनंतर त्यांना ठेवायचं नाही हे मी आणि एच.आर.ने आधीच ठरवलं होतं. एच.आर. म्हणालं, फाइलला बरं दिसेल, मधल्या काळात कोचिंग देऊ. मी मॅडमचं नाव सुचवलं. मॅडमनी काम घेण्याआधी मला फोनवर सरळ विचारलं, "यांच्याबद्दल निर्णय झालेला आहे का? झाला असेल तर मी हे काम घेत नाही." मी म्हणालो, "नाही नाही, संधी द्यायचीये."

मी वाया घालवलं तसं त्या गृहस्थांनी काही वाया घालवलं नाही. पहिल्या भेटीपासून ते वही घेऊन गेले. कॅन्टीनमध्ये मला म्हणाले, "साहेब, या वयात कोणी आपलं इतकं ऐकून घेईल असं वाटलं नव्हतं." गाड्यांच्या वेळा, कोणता लॉट आधी भरायचा, हे सगळं त्यांनी नव्याने मांडलं. गेटवरची ट्रकची रांग खरोखर कमी झाली. मला ती केबिनच्या खिडकीतून दिसत होती. मार्चअखेर त्यांना पत्र दिलं. पत्रावर सही माझी.

मॅडमचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. "मी तुम्हाला विचारलं होतं, आणि तुम्ही 'नाही' म्हणालात," एवढंच बोलल्या. मी 'परिस्थिती', 'मॅनेजमेंट' असं काहीतरी पुटपुटलो. त्यांनी ऐकून घेतलं. "अजून?" म्हणाल्या. अजून काही नव्हतं. त्यानंतर आमच्या प्लँटचं काम त्यांनी घेतलं नाही, एच.आर.ने दोनदा विचारलं, दोन्ही वेळा वेळ नसल्याचं कळवलं.

मी एच.आर.च्या मागे लागून कोचिंगच्या मागणी-फॉर्ममध्ये एक रकाना वाढवून घेतला आहे: सदर कर्मचाऱ्याला कमी करण्याचा निर्णय झालेला आहे काय? हो की नाही, आणि खाली विभागप्रमुखाची सही. त्या रकान्यात आजवर कुणीही 'हो' लिहिलेलं नाही. त्या वेळी फॉर्म असता तर मीही 'नाही'च लिहिलं असतं.